मिडलबर्गच्या मठातली नमाज

नसरुद्दीन सारंगाला दिशा विचारायची म्हणजे मोठंच धाडस होतं. आधी तो विचारणाऱ्याच्या अकलेचं माप काढायचा आणि मग दिशा सांगायचा. पण सांगायचा ती चोख. उम्म सईदच्या बंदरात तेल भरायला येणाऱ्या अजस्र बोटींना टगने ओढून जागेवर लावणं हे त्याचं काम. शमालचा वारा सुटून धुळीत चार हातांवरचं दिसेनासं झालं, की टगवरचा गोरा कप्तान सुकाणूच्या खोलीतून हाक मारायचा, "सारंग, जेट्टी कुठे?" सारंग हात वर करायचा. तिकडेच जेट्टी असायची.

तो साखरतरचा, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. घराण्यात कुणी जमिनीवर पोट भरलेलं नाही. स्वतः मुंबई-बसऱ्याच्या आगबोटींवर खलाशी झाला, मग टिंडेल आणि मग सारंग, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा म्होरक्या. पन्नास-एक्कावन्न सालच्या सुमाराला तेल कंपनीची नोकरी धरून कतारात आला. तेव्हा उम्म सईदला टाक्या, जेट्टी, पत्र्याच्या बराकी आणि उरलेली सगळी वाळू होती. कोकणातली पंधरावीस माणसं एका बराकीत राहायची. मशीद लांब होती, म्हणून बराकीच्या मागे दगडांची एक ओळ मांडून तिथेच नमाज पढायची. पुढे उभा राहायचा नसरुद्दीन. त्याला कुणी इमाम नेमलं नव्हतं. पण वय होतं, आवाज होता आणि दुसरं कुणी पुढे जायला धजत नव्हतं.

एका शिपिंग मास्तराने त्याला पितळी डबीतलं होकायंत्र बक्षीस दिलं होतं. ती डबी कायम त्याच्या सदऱ्याच्या खिशात. घड्याळात वेळ बघावी तशी तो दिवसातून दहादा ती उघडून बघायचा. कुणी बघत असेल तर जास्तच.

आता अबूबकरची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं. अबूबकर जयगडचा, पेशाने भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. साहेब लोकांच्या मेसमध्ये कामाला लागला तो पंचावन्न सालात. रात्री उतरला, दमून झोपला आणि अंधारातच फजरच्या नमाजला उठला. नवा मुलूख, नवी बराक, खिडकी कुठे आणि भिंत कुठे ते कळेना. बिचारा दाराकडे तोंड करून उभा राहिला. दार होतं पूर्वेला, आणि मक्केतला काबा पश्चिमेला.

असं कुणाचं चुकलं तर आपल्यात काय करतात? त्याच्या खांद्याला हात लावतात आणि हळूच वळवतात. त्याची नमाजही मोडत नाही आणि मनही मोडत नाही. नसरुद्दीनच्या वडिलांनी त्याला लहानपणी असंच वळवलं असणार. पण त्या पहाटे सारंग दारात उभा राहिला, त्याने चारचौघांना हाका मारून उठवलं आणि अबूबकरने सलाम फेरून नमाज संपवेपर्यंत सगळ्यांना तो तमाशा दाखवत राहिला. मग म्हणाला, "अरे भंडाऱ्या, गुराला आपला गोठा ठावा असतो. तुला काबा ठावा नाय? आमी काय उगवतीला तोंड करतो? तू कोण, उगवतीकर?"

बराक हसून हसून लोळली. झालं, त्या दिवसापासून तो उगवतीकर. कोकणात आडनावं अशीच पडतात, आणि एकदा पडली की धुवूनही जात नाहीत. चहा हवा असला की "ओ उगवतीकर", मासे कमी पडले की "उगवतीकर, हात आखडू नुको". अबूबकर मान खाली घालून हसायचा. माणूस हसतो म्हणजे त्याला लागलं नाही, असं समजायची सोय असते. नसरुद्दीनने सात वर्षं ती सोय वापरली.

बासष्ट साली कंपनीने हॉलंडमधल्या एका गोदीत नवी टग बांधायला टाकली. ती ताब्यात घेऊन समुद्रमार्गे कतारला आणायची होती. इंग्रज कप्तान आणि इंजिनीयर ठरले, आणि कोकणातले तिघे: नसरुद्दीन सारंग, इंजिनखोलीतला उस्मान आणि स्वयंपाकाला अबूबकर. विमानात तिघेही पहिल्यांदाच बसले. दोह्याहून बैरुत, बैरुतहून ॲमस्टरडॅम, तिथून आगगाडीने समुद्रकाठचं फ्लिसिंगन गाव. उस्मान वाटभर डोळे मिटून कलमे पढत होता. सारंग मात्र डबी उघडून विमान कुठल्या अंगाला चाललंय ते मोठ्याने सांगत होता.

टग तयार नव्हती. रंग व्हायचा होता, यंत्रं तपासायची होती. तिघांना खलाशांच्या एका खाणावळीत वरची खोली मिळाली. मार्च महिना, हाडं गोठवणारा वारा. सारंगाने पहिल्याच दिवशी डबी उघडली, पश्चिम पाहिली आणि तिकडच्या भिंतीला काबा ठरवून टाकला. का? कारण काबा पश्चिमेलाच असतो. साखरतरला पश्चिमेला, मुंबईला पश्चिमेला, मधल्या साऱ्या दर्यात पश्चिमेला, कतारात पश्चिमेला. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजला ऊन डोळ्यांवर येतं, हे त्याला बाराखडीच्या आधीपासून ठाऊक. आयुष्यभर जी गोष्ट एकाच बाजूला दिसली, तिची बाजू बदलू शकते हे त्याच्या मनातही आलं नाही. होकायंत्र बिचारं उत्तर दाखवतं. ते काही मक्का दाखवत नाही.

गोदीतला मुकादम होता कोपमान नावाचा. साठीचा, लाल नाकाचा, मोडकं इंग्रजी बोलणारा. त्याची आणि सारंगाची गट्टी जमली, कारण दोघांनाही दुसऱ्याने मारलेली गाठ कधी पसंत पडत नसे. एका शनिवारी कोपमान म्हणाला, "उद्या आमच्याकडे काही हलत नाही. आज दुपारी माझ्या गावी चला. मिडलबर्ग. आमचा जुना मठ दाखवतो."

उस्मानला ते रुचलं नाही. "पाद्र्यांचा मठ? आपण कशाला जायचं, सारंग?"

"बघायला काय जातंय?" सारंग म्हणाला. "आपण रानटी नाय, हे त्यांना कळायला नको?"

गाव जवळच होतं. बसमधून उतरण्याआधीच मठाचा मनोरा दिसला. उंच, आभाळात घुसलेला. कोपमानने सांगितलं की लढाईत बॉम्ब पडले तेव्हा हा जळाला, कोसळला, आणि गावकऱ्यांनी तो परत जसाच्या तसा बांधला. "मी पोरगा असताना बापाबरोबर मासेमारीला जायचो. समुद्रातून आधी हा दिसायचा. हा दिसला की घर कुठे ते कळायचं. तो पडला त्या दिवशी आम्ही सगळे आंधळे झालो."

सारंगाला हे फार आवडलं. त्याने उस्मानला आणि अबूबकरला ते आपल्या भाषेत सांगितलं, वर थोडं आपल्या पदरचंही घातलं.

कमानीखालून आत गेलं की एक मोठं अंगण. चारी बाजूंनी विटांच्या उंच भिंती, छोटे छोटे बुरूज, पानं न फुटलेली झाडं आणि पायाखाली घासून गुळगुळीत झालेले दगड. आठशे वर्षांमागे इथे पांढऱ्या कपड्यांतले साधू राहायचे, कोपमान सांगत होता. मग धर्मावरून भांडणं झाली, साधूंना हाकललं, आता सरकारी कचेऱ्या आहेत. "साधू दिवसातून सात वेळा प्रार्थना करायचे," तो म्हणाला.

"आमी पाच," सारंग म्हणाला.

कोपमानची बायकोही येऊन मिळाली होती. ठेंगणी, काळा कोट, हातात केकचा डबा. तिने तिघांशीही हात मिळवायला हात पुढे केला. उस्मान मागे सरला, तर ती जराही न रागावता नुसती मान लववून हसली.

तिथून ते आतल्या बागेत गेले. चौकोनी बाग, आणि भोवती कमानींचा पडवीसारखा मार्ग. जुने साधू तिथे फेऱ्या घालत जप करायचे म्हणे. पलीकडच्या कमानींतून उतरतं ऊन आत आलं होतं. अगदी शांत. अबूबकर एका खांबाला हात लावून उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "इथे आवाज चढवून बोलावंसं वाटत नाय."

असरची वेळ झाली होती. खाणावळीत परतून पढता आलं असतं, वेळ पुष्कळ होती. पण सारंगाच्या मनात आलं की इथेच पढावी. आपण खरं सांगू या: त्याला अल्लाची आठवण झाली तेवढीच कोपमानचीही झाली. बघू दे ह्या लोकांना, दर्यावरचा माणूस परक्या मुलखातही आपली वेळ कशी पाळतो ते. त्याने कोपमानला विचारलं. कोपमानने मठाच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला विचारलं. वाटलं, तो नाही म्हणेल. पहारेकरी आत गेला, झाडू घेऊन आला, पडवीचा एक कोपरा स्वच्छ झाडला आणि आपल्या खोलीतली घडीची चादर आणून तिथे अंथरली. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि बाजूला उभा राहिला.

सारंगाची छाती फुगली. त्याने ऐटीत डबी बाहेर काढली, झाकण उघडलं, काटा स्थिर होऊ दिला आणि हात लांबवून पश्चिम दाखवली. उस्मान आणि अबूबकर जोडे काढून मागे एका ओळीत सफ धरून उभे राहिले.

कोपमानबाई हे सगळं मोठ्या कुतूहलाने बघत होती. तिला ती डबी फार आवडली. जवळ येऊन तिने सावकाश, एकेक इंग्रजी शब्द जुळवत विचारलं, "ह्यात बघून तुमचं घर कुठे आहे ते सांगता येतं?"

"का नाय?" सारंग म्हणाला. दिशा सांगायची म्हटल्यावर तो कधी चुकला होता? गोदीत कप्तानाच्या टेबलावर पसरलेला नकाशा त्याने रोज पाहिला होता. त्याने मनोऱ्याच्या मागे, उजव्या अंगाला, दक्षिण आणि पूर्वेच्या मधोमध बोट दाखवलं. "तिकडे. कतार. आणि त्याच्या पुढे माझं गाव."

"आणि मक्का? ते खूप लांब आहे का तुमच्या घरापासून?"

"छे, मक्का कतारच्या शेजारी. ह्याच वाटेवर."

बाईने त्याच्या बोटाकडे पाहिलं. मग उलट बाजूला, जिकडे चादर अंथरली होती तिकडे पाहिलं. आणि अगदी निर्मळपणे, शाळेतल्या पोरीने विचारावं तसं विचारलं, "मग तुम्ही इंग्लंडकडे तोंड करून का उभे राहता?"

नसरुद्दीनचं बोट तसंच हवेत राहिलं.

त्याला कळायला क्षणही लागला नाही. तो सारंग होता. डोळ्यांपुढे अख्खा नकाशा उभा राहिला: इथे हॉलंड, तिथे अरबस्तान, आणि मधे त्याची पाठ. आल्या दिवसापासून प्रत्येक नमाजेत तो काब्याला पाठ दाखवून उभा होता, आणि दोन माणसांना आपल्यामागे तसंच उभं करत होता. गुराला गोठा ठावा असतो. स्वतःचाच आवाज त्याच्या कानात वाजला.

आता काय करायचं होतं त्याने? सोपं होतं. मागे वळून म्हणायचं, "उस्मान, अबूबकरभाय, माझं चुकलं, ह्या बाजूला वळा." तेवढंच. चुकून झालेलं अल्ला माफ करतो, हे तो स्वतःच दुसऱ्यांना सांगायचा. पण मागे अबूबकर उभा होता. सगळ्या जगात नेमका अबूबकर. त्याच्यासमोर "माझी दिशा चुकली" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"आमच्यात तसाच नियम आहे, मॅडम," नसरुद्दीन म्हणाला.

बाईचा चेहरा एकदम ओशाळला. तिने छातीवर हात ठेवला. "माफ करा. मला ठाऊक नव्हतं. मी असं विचारायला नको होतं."

तिने माफी मागितली! खोटं बोलणारा ताठ उभा, आणि खरं विचारणारी बाई माफी मागते. आणि मग त्या माणसाने, सगळं उमगून, तोंड पश्चिमेला केलं, हात कानांपर्यंत नेले आणि "अल्लाहू अकबर" म्हटलं. चूक इथे संपली होती. ह्यापुढे जे झालं त्याला चूक म्हणत नाहीत.

ऊन डोळ्यांवर येत होतं. सवयीचं ऊन. पण आपण काय पढतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. सजद्यात कपाळ चादरीला टेकलं तेव्हा चादरीला साबणाचा वास येत होता. कुणा परक्या म्हाताऱ्याने आपली धुतलेली चादर देवाच्या नावाने दिली, आणि आपण तिच्यावर काय करतोय! जमीन पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. सलाम फेरताना उजवीकडे मान वळवली, तेव्हा पहारेकरी तसाच टोपी हातात धरून उभा होता.

उस्मान खुश होता. अबूबकर चादरीची घडी घालत होता, खाली मान घालून, कोपऱ्याला कोपरा जुळवत. त्याने सारंगाकडे पाहिलं नाही. परतीच्या बसमध्ये सारंगाने त्या मनोऱ्याकडे एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सारंगाची पाठ दुखायला लागली. पुढे उभं राहवत नाही, आपापलं पढा, असं त्याने सांगून टाकलं. स्वतः खाली गोदामात जाऊन दक्षिण-पूर्वेला तोंड करून पढायचा, आणि आधीच्या साऱ्या नमाजा एकेक करून फेडायचा. पण वर खोलीत उस्मान त्याच पश्चिमेच्या भिंतीपुढे उभा राहायचा. सारंग जिन्यावरून येताना ते बघायचा. तोंड उघडायचा आणि मिटायचा. अबूबकर कुठे आणि कधी पढतो हे बघायची हिंमतच त्याने केली नाही. एकदा अबूबकरने गरम वीट फडक्यात गुंडाळून आणून दिली, म्हणाला, "पाठीला लावा, सारंग, उतार पडेल." नसलेल्या दुखण्यावर ती वीट ठेवून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

टग तयार झाली. ती समुद्रात निघाली तेव्हा कामाच्या पाळ्या लागल्या, कुणाची नमाज केव्हा आणि कुठे, कुणाला ठाऊक? नसरुद्दीनला वाटलं, सुटलो. मोठ्या समुद्राने टगला नारळासारखं उचलून आपटलं तेव्हा तिघांनाही फक्त उलट्या सुचत होत्या. मग जिब्राल्टर, मग भूमध्य समुद्र, मग सुवेझचा कालवा. आणि कालवा संपून तांबड्या समुद्रात शिरल्यावर सारंगाच्या ध्यानात आलं, की पळून पळून तो नेमका काब्याच्या दारात आला होता.

कप्तानाने सहज सांगितलं, "उद्या दुपारी जेद्दा आपल्या डाव्या हाताला असेल. तुमची मक्का तिथून जवळच."

उस्मानला हर्षवायू व्हायचा राहिला. "सारंग, आता पाठबीठ काय सांगू नुका! मक्केसमोरून जाताना जमातने नमाज. तुमीच पुढे."

असरला तिघे मागच्या डेकवर आले. पाणी तेलासारखं शांत होतं. उस्मानने मुसल्ला आणला आणि सवयीने पश्चिमेला अंथरला.

"तिकडे नाय," सारंग म्हणाला. "डाव्या बाजूला. उगवतीला."

उस्मान गोंधळला, मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो खदखदून हसला. "अरे देवा! उगवतीला! ओ उगवतीकर, आज तुमचा दिवस! आज तुमची दिशा बरोबर आली!"

अबूबकर नेहमीसारखा मान खाली घालून हसला.

नसरुद्दीनला ते हसू पहिल्यांदाच दिसलं. सात वर्षं समोर होतं, पण दिसलं आज. "उस्मान, गप ऱ्हा," तो म्हणाला. "आज अबूबकर पुढे उभा राहील. मला पुढे उभं राहायचा हक्क नाय." आणि मग त्याने सांगून टाकलं. मठ, बाई, तिचा प्रश्न, त्याचं उत्तर. "मला कळलं होतं. कळून मी तुमाला उलटं उभं केलं. अबूबकरसमोर चूक कबूल करायची लाज वाटली मला. त्या लाजेपायी मी काब्याला पाठ केली."

अबूबकर मुसल्ल्याची सुरकुती काढत होता. ती निघाल्यावर म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं, सारंग."

"तुला?"

"सात वर्षं साहेबांच्या मेसमध्ये काढली. बाईचं इंग्रजी काय अवघड नव्हतं."

"मग बोललास का नाय? खांद्याला धरून वळवायचंस की मला!"

"चारचौघांत?" अबूबकर म्हणाला. "ती बाई, तो मुकादम, तो टोपीवाला, हा उस्मान. सगळ्यांदेखत? चारचौघांत कसं वाटतं ते मला ठावं हाय. दुसऱ्याला कशाला द्यायचं ते?" त्याने सारंगाच्या खांद्याला हात लावला आणि त्याला हळूच मुसल्ल्याकडे वळवलं. "तुमीच उभे ऱ्हा पुढे. मी मागे हाय. फक्त एक करा."

"बोल."

"रुकैयाचं लगीन झालं मागच्या साली, माझ्या लेकीचं. जावई उम्म सईदच्या कॅम्पावर कामाला येतोय. आपण पोचू तोवर तो आलेला असेल. त्याच्यासमोर तेवढी त्या नावाने हाक मारू नुका. सासऱ्याची लाज असते जावयासमोर. बाकी काय नाय."

सात वर्षांत त्या माणसाने मागितलेली ही पहिली गोष्ट. सारंगाने छातीवर हात ठेवून शब्द दिला. असरची नमाज झाली. ऊन पाठीवर होतं आणि तिघांच्या सावल्या पुढे, मक्केच्या अंगाला पडल्या होत्या. नसरुद्दीन रडत होता, आणि त्याला ते कुणापासून लपवावंसं वाटलं नाही.

उम्म सईदला नवी टग आली तेव्हा जेट्टीवर जत्रा लोटली होती. कोकणातली सगळी माणसं पुढे, त्यांत अबूबकरचा जावई कमाल, नव्या कपड्यांत, हात बांधून अदबीने उभा. दोर फेकायच्या आधीच जेट्टीवरून आरोळी आली, "अरे, उगवतीकर आला! उगवतीकर, विलायतेतून काय आणलंस?"

कमालने चमकून सासऱ्याकडे पाहिलं. अबूबकर हसला, खाली मान घालून.

सारंगाने उडी मारली आणि जेट्टीवर सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो दिशा न सांगता आपली चूक सांगत होता. "ते नाव खलास! कुणी घेतलंत तर माझ्याशी गाठ हाय. नाव द्यायचं तर मला द्या. हॉलंडात मी काब्याला पाठ करून नमाज पढवली. चुकून नाय, जाणून. ह्या अबूबकरने माझी लाज राखली."

मग मागून एक म्हातारा टिंडेल म्हणाला, "काय मन हाय बघा माणसाचं! भंडाऱ्याची चूक झाकायला सारंग स्वतःवर घेतो."

"तर काय! सारंगाची दिशा चुकंल? त्या डबीवाल्याची?"

"मी खरं सांगतोय!" सारंग ओरडला.

"होय होय, सारंग, कळलं आमाला," ते म्हणाले, आणि आदराने हसले. उस्मानने साक्ष दिली, कसम खाल्ली. तर म्हणाले, हा पण सारंगाचाच माणूस. त्या दिवसापासून नसरुद्दीनचा मान कॅम्पात दुपटीने वाढला. जमातीला पुढे उभं राहायला त्याने नकार दिला, तर लोक म्हणाले, केवढा नम्रपणा. कुणा नवख्याची दिशा चुकली तर तो उठून, न बोलता, त्याच्या खांद्याला हात लावायचा. तेही लोकांनी त्याच्या मोठेपणातच जमा केलं. ती पितळी डबी मात्र पुन्हा कुणी त्याच्या हातात पाहिली नाही. आणि अबूबकरचं नाव? सारंगासमोर लोक ते घेत नसत. पाठीमागे घेत, पूर्वीपेक्षा जास्त, कारण आता त्याला एक गोष्टही चिकटली होती. कमाल ह्या नावाने त्या कॅम्पात कमालला कुणी ओळखलंच नाही. तो उगवतीकराचा जावई.

सारंगाने एकदा अबूबकरसमोर विषय काढला. अबूबकर कांदा चिरत होता. "जाऊ द्या," म्हणाला. "तुमी सांगितलंत ना? बस."

सहासात वर्षांनी एका संध्याकाळी जयगडहून एक नवा खलाशी आला. हातात ट्रंक, काखेत कापडात शिवलेलं गाठोडं. बराकीच्या दारात सारंग बसला होता. त्याने सलाम केला आणि विचारलं, "चाचा, उगवतीकरांची बराक कुठली? त्यांच्या लेकीने गाठोडं दिलंय."

सारंगाने नजर वर केली. "त्यांचं नाव अबूबकर हाय, बाबा."

"ते असेल. गावात आमी त्या घराला उगवतीकरच म्हणतो. रुकैया उगवतीकर. तिच्या पोराचं नावपण शाळेत तसंच घातलंय," तो म्हणाला. "का, चाचा? नाव चुकलं का?"

नसरुद्दीन सारंगाने हात वर केला आणि त्याला बराक दाखवली.